टाका कधी घालावा? उघड्या ठेवलेल्या जखमेचा इतिहास

२४ जून १९०२. राज्याभिषेकाला अवघे दोन दिवस उरले असताना इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड बकिंगहॅम राजवाड्यातील एका खोलीत शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. पोटाच्या उजव्या बाजूला अपेंडिक्सभोवती पू साचला होता. काही झाले तरी अभिषेकाला जाणारच, असा राजाचा हट्ट होता. तसे केल्यास तिथे राजाचे प्रेतच पोहोचेल, असे शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी त्याला सुनावले, अशी आख्यायिका आहे. तिचा शब्दन्‌शब्द खरा असो वा नसो, ट्रीव्ह्ज यांना या आजाराची भीषणता पुस्तकांपलीकडे ठाऊक होती. दोनच वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची मुलगी याच आजाराने दगावली होती.

ट्रीव्ह्ज यांनी छेद घेतला, पू वाहून जाऊ दिला आणि आत निचऱ्याच्या नळ्या ठेवल्या. अपेंडिक्स त्यांनी काढलेच नाही. आणि आजच्या वाचकाला सर्वांत चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट म्हणजे, साम्राज्याच्या अधिपतीचे पोट त्यांनी नीटनेटके शिवून बंद केले नाही. जखम तळापासून भरत वर यावी म्हणून ती उघडी ठेवली. ४६ दिवसांनी, ९ ऑगस्टला, राजाच्या मस्तकावर मुकुट चढला.

(या सोहळ्यासाठी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराजही इंग्लंडला गेले होते. मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा जाहीरनामा करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये २६ जुलै १९०२ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा इंग्लंडचा राजा अजून अभिषेकाविनाच होता.)

पोट फाडल्यावर त्वचा लगेच शिवावी, की काही दिवस थांबावे? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. पण या प्रश्नाच्या उत्तरापायी गेल्या दीडशे वर्षांत हजारो माणसे वाचली आणि हजारो गेली. शिवाय ते उत्तर एकदा सापडून कायमचे हाती राहिले, असेही घडले नाही. ते सापडले, विसरले गेले, पुन्हा सापडले आणि आता पुन्हा तपासले जात आहे.

आधी रचना समजून घेतली पाहिजे. पोटाची भिंत म्हणजे एकावर एक ठेवलेले थर. सर्वांत आत उदरावरण, मग स्नायू, स्नायूंवर ‘फॅशिया’ नावाचे चिवट आवरण, त्यावर चरबी आणि सर्वांत वर त्वचा. भिंतीचे सारे बळ फॅशियात असते. ती शिवली की आतडी आत राहतात, पोट बंद होते. त्वचा उघडी ठेवणे म्हणजे पोट उघडे ठेवणे नव्हे. उघडी राहते ती फक्त वरची दोन-तीन बोटे खोल अशी चरबीची खाच.

मात्र धोका नेमका याच खाचेत असतो. चरबीला रक्तपुरवठा बेताचा असतो. आत आतडे फुटलेले असेल, तर त्यातील मळ आणि पू शस्त्रक्रियेच्या वेळी या थराला लागतोच. वरून त्वचा घट्ट शिवली, तर खाली जंतूंना उबदार, अंधारी आणि बंद कोठडी मिळते. रोगी पोटाच्या आजारातून वाचतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ताप चढतो, टाक्यांभोवती लाली येते, टाके सोडताच पू उसळतो. हा पू खाली उतरून फॅशियाही कुजली, तर टाके तुटून आतडी बाहेर येण्यापर्यंत पाळी जाते.

प्राचीनांना जंतू ठाऊक नव्हते, पण जखमा ठाऊक होत्या. सुश्रुतसंहितेत आतड्याचे छिद्र मुंग्यांच्या डोक्यांनी सांधण्याची प्रसिद्ध कृती आहे. तिची चर्चा वारंवार होते. त्याच ग्रंथात, ज्या जखमेत क्षार, अग्नी किंवा विषाचा संपर्क झाला आहे, ज्यात रक्त वा शल्य अडकले आहे, ती आधी शुद्ध करावी, तशीच शिवू नये, असाही दंडक आहे. त्याची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. मुंग्यांच्या नवलाईपेक्षा शस्त्रक्रियेची समज या दुसऱ्या दंडकात अधिक दिसते.

युरोपात गॅलेनच्या परंपरेने ‘प्रशंसनीय पू’ नावाची कल्पना रुजवली होती. दाट पांढरा पू येणे हे जखम बरी होण्याचे शुभलक्षण मानले जाई. तेराव्या शतकात थिओडोरिक बोर्गोन्योनी आणि त्यानंतर आंरी द मोंदव्हील यांनी जखम मद्याने धुऊन, कडा जुळवून कोरडी ठेवावी असे सांगितले, पण रूढी त्यांना पुरून उरली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन हंटर यांनी भरून येण्याच्या दोन तऱ्हा स्पष्ट केल्या. पहिलीत कडा थेट जुळून जखम सांधते, दुसरीत तळापासून लाल दाणेदार मांस वाढत ती भरते.

१८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाची पद्धत ‘लॅन्सेट’मध्ये मांडली आणि पारडे पहिल्या तऱ्हेकडे झुकले. जंतू मारता येतात, तर जखम उघडी ठेवायची कशाला? स्वच्छ शिवलेली, पू न झालेली जखम ही शल्यचिकित्सकाच्या कौशल्याची खूण ठरली. शांततेच्या काळातील निर्जंतुक शस्त्रक्रियागृहात हा अभिमान योग्यही होता. अशा वातावरणातही ट्रीव्ह्ज यांनी राजाची जखम उघडी ठेवली, कारण पुवाने भरलेल्या पोकळीला लिस्टरचा नियम लागू पडत नाही हे ते जाणत होते.

मग १९१४ उजाडले.

फ्लँडर्सची शेते शतकानुशतके शेणखताने पोसलेली. तोफगोळ्याचा तुकडा शरीरात शिरताना गणवेशाची चिंधी आणि ही माती बरोबर घेऊन जाई. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत अनेक शल्यचिकित्सकांनी शिकल्याप्रमाणे जखमा धुतल्या, पूतिरोधक ओतले आणि शिवून टाकल्या. दोन दिवसांत अवयव फुगू लागले, दाबले की त्वचेखाली वायूची करकर ऐकू येई आणि माणूस जाई. हा ‘गॅस गँग्रीन’. त्याचे जंतू प्राणवायू नसलेल्या जागीच वाढतात, आणि शिवलेली जखम त्यांना नेमकी तीच जागा पुरवत होती.

वास्तविक इशारा आधीच मिळालेला होता. १८९८ मध्ये पॉल फ्रीडरिक या जर्मन शल्यविशारदाने गिनीपिगांच्या जखमांत बागेची माती आणि जिन्यावरची धूळ भरून पाहिले होते. सुमारे सहा तासांच्या आत जखमेच्या कडा कापून काढल्या तर प्राणी वाचत, त्यानंतर जंतू ऊतींत खोल शिरलेले असत. पण प्रयोगशाळेतील गिनीपिग आणि खंदकातील सैनिक यांच्यामधले अंतर ओलांडायला महायुद्ध लागले.

हे अंतर ओलांडणाऱ्यांत बेल्जियमचे आंत्वान दपाज अग्रभागी होते. बेल्जियमचा बहुतेक भूभाग जर्मनांच्या ताब्यात गेला होता. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत, ला पान या समुद्रकाठच्या गावी, ‘लोसेआन’ नावाच्या हॉटेलात त्यांचे रुग्णालय राणी एलिझाबेथच्या आश्रयाने सुरू झाले. या रुग्णालयासाठी अमेरिकेत निधी गोळा करून परतणाऱ्या त्यांच्या पत्नी मारी ७ मे १९१५ रोजी ‘लुसिटानिया’ जहाजाबरोबर बुडाल्या. दपाज काम करीत राहिले.

त्यांची रीत अशी. प्रथम जखम रुंद उघडायची, मेलेले मांस, चिंध्या, माती सारे कापून काढायचे. मग शिवायचे नाही. रोज पट्टी उघडून पाहायचे आणि जखमेतील स्रावाचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचे. संख्या घटत घटत नगण्य झाली, की मगच टाके घालायचे. नमुन्यात स्ट्रेप्टोकॉकस सापडला, तर जखम बाहेरून कितीही सुंदर दिसो, ती शिवायची नाही. टाका घालण्याची वेळ शल्यचिकित्सकाच्या सवयीऐवजी जखमेची अवस्था ठरवू लागली.

याच काळात काँपियेन्य येथे आलेक्सी कारेल आणि इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन जखमा सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने ठरावीक अंतराने भिजवत ठेवण्याची पद्धत बसवत होते. योग्य द्रावण सापडेपर्यंत डेकिन यांनी दोनशेहून अधिक पदार्थ तपासले. कारेल यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते ते रक्तवाहिन्या शिवण्याच्या कौशल्याबद्दल. टाके घालण्यात जगात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, तोच आता टाका कधी घालू नये हे शिकवत होता.

द्रावणाने सारे जंतू मरतात का, यावर मात्र वाद पेटला. बुलोन्यच्या एका कॅसिनोत थाटलेल्या रुग्णालयात ऑल्मरॉथ राइट आणि त्यांचे तरुण सहकारी अलेक्झांडर फ्लेमिंग काम करीत होते. फ्लेमिंग यांनी काचेची नळी तापवून तिला टोकदार खोबणी काढल्या आणि फाटक्यातुटक्या जखमेची प्रतिकृती बनवली. तीत जंतू भरून पूतिरोधक ओतले, पुन्हा ओतले, तरी खोबणींच्या टोकांशी जंतू जिवंतच राहिले. औषध जिथे पोहोचत नाही तिथे औषधाचा उपयोग नाही, ही गोष्ट त्यांनी पेनिसिलिनच्या शोधाच्या दहाएक वर्षे आधी दाखवून दिली. पुढे पेनिसिलिन आल्यावर नेमकी हीच गोष्ट लोक विसरले.

पोटाच्या जखमांची कथा आणखी निराळी होती. बोअर युद्धात पोटात गोळी लागलेल्यांवर शस्त्रक्रिया केल्यास ते अधिक मरतात असे दिसून आले होते. खुद्द ट्रीव्ह्ज त्या युद्धावर होते. त्यामुळे १९१४ मध्ये अशा सैनिकाला मॉर्फिन देऊन, पाणी तोडून, निपचित पडू देणे हीच शिष्टसंमत रीत होती. बहुतेक जण तसेच गेले. १९१५ पासून ब्रिटिश शल्यविशारदांनी, त्यांत कथबर्ट वॉलेस प्रमुख, आघाडीजवळच्या तंबूंत पहिल्या काही तासांतच पोट उघडायला सुरुवात केली आणि तातडीची उदरशस्त्रक्रिया युद्धात मान्य झाली. आता जिवंत राहणाऱ्यांची संख्या वाढली. त्याबरोबरच, आतड्यातील मळाने माखलेल्या छेदाचे करायचे काय, हा प्रश्नही वाढला.

१९१७ पर्यंत दोस्त राष्ट्रांच्या शल्यविशारदांचे यावर मतैक्य झाले आणि ‘विलंबित प्राथमिक शिवण’ हे नाव रूढ झाले. प्राथमिक अशासाठी, की जखमेत दाणेदार मांस भरून येण्याआधीच कडा जुळवल्या जात. विलंबित अशासाठी, की ते चार-पाच दिवसांनी होई.

युद्ध संपले. शल्यचिकित्सक आपापल्या गावी स्वच्छ शस्त्रक्रियागृहांत परतले आणि धडा विसरला गेला.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले, तेव्हा जॉन मूरहेड नावाचे न्यूयॉर्कचे अनुभवी शल्यविशारद योगायोगाने होनोलुलूत होते. तेथील डॉक्टरांपुढे अपघाती जखमांवर व्याख्याने देण्यासाठी ते आले होते. व्याख्यानमालेचे श्रोते थेट शस्त्रक्रियागृहात गेले आणि व्याख्यातेही त्यांच्याबरोबर गेले. जखमा कापून स्वच्छ केल्या, सल्फा औषधे वापरली आणि टाके न घालता जखमा उघड्या ठेवल्या. निकाल उत्तम लागले. पण वाहवा झाली ती सल्फाच्या भुकटीची.

भूमध्य सागराच्या आघाडीवर ही समजूत खोडून काढली ती बॉस्टनच्या एडवर्ड चर्चिल यांनी. (ब्रिटिश पंतप्रधानांशी नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही.) सल्फा असो वा नवे पेनिसिलिन, ते मेलेल्या मांसाला जिवंत करत नाही, म्हणून मेलेले कापून काढणे आणि थांबणे यांना पर्याय नाही, असा त्यांचा आग्रह होता. आघाडीजवळ पहिली शस्त्रक्रिया, जखम उघडी, मग मागच्या तळावरील रुग्णालयात साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान टाके, अशी टप्प्याटप्प्याची साखळी त्यांनी बसवली. रोम पडले त्या जून १९४४ पर्यंत ती घट्ट रुजली होती. त्याच उन्हाळ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान अप्पर टायबरच्या खोऱ्यात लढत होते. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती १० जुलैची चकमक याच आघाडीवरची.

चाळीस वर्षांनी फॉकलंड बेटांवर अजाक्स बे येथील एका बंद पडलेल्या शीतगृहात ब्रिटिशांचे युद्धरुग्णालय थाटले गेले. इमारतीत न फुटलेले दोन बॉम्ब पडलेले होते. तिथेही नियम तोच राहिला. कापा, उघडे ठेवा, आणि टाके पुढे रुग्णालय-जहाजावर घाला.

चौथाच दिवस का? याचे उत्तर शरीरातच आहे. जखम झाली की पहिल्या दोन दिवसांत पांढऱ्या रक्तपेशींची पहिली फळी जंतूंवर तुटून पडते. दोन-तीन दिवसांनी ‘मॅक्रोफेज’ नावाच्या पेशी येतात. त्या मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात आणि नव्या रक्तवाहिन्यांना आवतण धाडतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास बारीक केशवाहिन्यांचे जाळे पसरते आणि ज्या चरबीला रक्त मिळत नव्हते तिला ते मिळू लागते. जखमेची प्रतिकारशक्ती तेव्हा वाढलेली असते, आणि कडा मात्र अजून सहज जुळण्याजोग्या मऊ असतात. १९६९ मध्ये मिनेसोटाच्या रिचर्ड एडलिक आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगांच्या दूषित जखमा वेगवेगळ्या दिवशी शिवून पाहिल्या, तेव्हा चौथ्या दिवसापासून पुढे शिवलेल्या जखमा सर्वांत कमी पिकल्या. रणांगणावर अनुभवाने ठरलेल्या वेळेला अशी प्रयोगशाळेची साक्ष मिळाली.

त्या सुमारास नागरी रुग्णालयांतही हिशेब मांडला जात होता. १९६४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने शस्त्रक्रियेच्या जखमांचे चार वर्ग रूढ केले : स्वच्छ, स्वच्छ परंतु किंचित दूषित, दूषित आणि घाण. कॅनडातील कॅल्गरी येथे क्रूझ आणि फोर्ड यांनी दहा वर्षांत ६२,९३९ जखमांचा पाठपुरावा करून १९८० मध्ये आकडे दिले. स्वच्छ जखमांपैकी १.५ टक्के पिकल्या, किंचित दूषितांपैकी ७.७, दूषितांपैकी १५.२ आणि घाण वर्गातील तब्बल ४० टक्के. फुटलेले अपेंडिक्स, विषमज्वराने आतड्याला पडलेले भोक, पोटभर पसरलेला पू, ही सारी या शेवटच्या वर्गातली. पाठ्यपुस्तकांनी निष्कर्ष काढला : अशा रुग्णाची फॅशिया शिवा, त्वचा उघडी ठेवा.

पण उघड्या जखमेचीही किंमत असते आणि ती आकड्यांत सहज येत नाही. रोज पट्टी सोडणे, चिकटलेले गॉझ ओढून काढताना रुग्णाचे कळवळणे, त्यात लहान मूल असेल तर साऱ्या वॉर्डचे कासावीस होणे. चौथ्या दिवशी पुन्हा टाके, पुन्हा सुया. ज्या घरात रोजगार बुडाला की चूल थंडावते, तिथे रुग्णालयातील चार दिवस अधिक म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. शिवाय ठरलेला चौथा दिवस गर्दीत हुकतो, आणि मग जखम तशीच आठवडेच्या आठवडे भरत राहते.

दरम्यान प्रतिजैविके सुधारली. शस्त्रक्रियेआधीच ती शिरेतून देण्याची पद्धत पडली. खंदकातील चिखलाने भरलेल्या मांडीसाठी बनलेला नियम, वॉर्डातून तासाभरात टेबलावर आलेल्या अपेंडिक्सच्या रुग्णाला जसाच्या तसा लावावा का, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला.

२०१३ मध्ये अनील भांगू आणि सहकाऱ्यांनी अशा आठ चाचण्यांतील ६२३ रुग्णांचे निकाल एकत्र केले. हिशेबाच्या एका रीतीने थांबून शिवणे सरस ठरले, दुसऱ्या अधिक सावध रीतीने दोहोंतील फरक पुसला गेला. आणि आठही चाचण्यांची रचना कच्ची होती. शंभर वर्षांच्या परंपरेमागे एवढाच तोकडा पुरावा निघावा, ही थोडी ओशाळवाणी बाब होती. २०१८ मध्ये थायलंडमधील अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. अपेंडिक्स सडलेल्या वा फुटलेल्या ५९८ रुग्णांपैकी लगेच शिवलेल्यांत जंतुसंसर्ग ७.३ टक्के, थांबून शिवलेल्यांत १० टक्के. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हता, पण थांबण्याने काही लाभ झाला असेही दिसले नाही, आणि खर्च मात्र वाढला.

म्हणून दपाज आणि चर्चिल चुकले असे ठरत नाही. त्यांनी शिवू नका म्हटले ते मेलेल्या मांसावर आणि मातीवर. अपेंडिक्सच्या छोट्या छेदात मांस जिवंत असते, दूषितता काही तासांची असते. नाभीच्या वर-खाली गेलेला लांब छेद, जाड चरबी, दोन दिवस पोटात साठलेला मळ, खालावलेला रक्तदाब, ही स्थिती खंदकाच्या अधिक जवळची आहे, आणि तिच्याविषयी थायलंडची चाचणी काही सांगत नाही.

अलीकडे शोध दुसऱ्या दिशेने वळला आहे. त्वचा लगेच शिवायचीच असेल, तर शिवण्याआधीच्या पाच मिनिटांत काय करावे? भारतासह सात देशांतील ८१ रुग्णालयांत १३,३०१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत पोट बंद करण्यापूर्वी शल्यचिकित्सकांनी हातमोजे आणि उपकरणे बदलली, एवढाच फरक होता. जखमेतील संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर उतरला. नवे औषध नाही, यंत्र नाही. आतड्यात बुडालेला हात तसाच त्वचेला लावायचा नाही, एवढेच.

उरलेल्या सोळांचे काय, हे अजून ठरायचे आहे. मोठे आतडे फुटून मळ पोटभर पसरलेला रुग्ण मध्यरात्री येतो, तेव्हा फॅशियाचा शेवटचा टाका बांधून झाल्यावर अनेक शल्यचिकित्सक आजही सुई खाली ठेवतात, खाचेत ओले गॉझ भरतात आणि त्वचेचे चौथ्या दिवशी पाहू असे केसपेपरवर लिहितात.